खिंडापुरात ‘जातो’ म्हणतात

प्रेमलाबाईंच्या चपला हरवल्या, तेव्हा सगळ्या गल्लीनं हसून घेतलं. कार्तिकात गल्लीतल्या नऊ बायका क्रूझर ठरवून पिंपळगावच्या रेणुकेला गेल्या होत्या. इतक्या लांब आलोच आहोत तर, म्हणून वर डोंगराच्या पायथ्याचं खिंडापूरही बघून आल्या. एवढ्याशा शहरात तीन-तीन संग्रहालयं आहेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. मंठ्याला परत आल्यावर आठजणी चपला वाजवत गाडीतून उतरल्या, आणि प्रेमलाबाई अनवाणी.

“चला, पीडा गेली,” त्यांचे यजमान बद्रीनाथ म्हणाले.

देवीच्या दारात चपला गेल्या की पीडा जाते, असं सगळेच म्हणतात. पण बद्रीनाथांना विनोद क्वचितच जमत असे. छत्तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस. काही बोलायचं तर वाक्य आधी मनात दोनदा वाचून बघायचा, आणि तोवर बोलणं पुढं निघून गेलेलं असायचं. त्या दिवशी वेळेवर सुचलं. बायका हसल्या. त्यांना उगीचच बरं वाटलं होतं.

पंधरवडा गेला आणि एका सकाळी प्रेमलाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या.

“कुठं निघालीस?”

“जायला पाहिजे हो. येते म्हणून आल्ते मी.”

“कुणाला?”

ते त्यांना सांगता येईना. त्या दिवशी त्यांना हाताला धरून आत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. हळूहळू बाकीचं सगळं गळून गेलं. दूध उतू जाताना त्या नुसत्या बघत राहू लागल्या. शेजारच्या दैवशालेचं नाव गेलं. पौष लागला तेव्हा बद्रीनाथांचंही गेलं. त्यांना त्या ‘अहो मास्तर’ म्हणू लागल्या, जसं वाचनालयात पहिल्यांदा आलेलं कुणी म्हणेल. ते एक वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं. दोनदा त्या निघूनही गेल्या. पहिल्यांदा जालना रोडच्या पेट्रोल पंपापुढं सापडल्या, दुसऱ्यांदा चौदा किलोमीटरवर, तळव्यांची सालटी निघालेली. नव्या चपला आणल्या, तर त्या उंबऱ्याशीच काढून ठेवायच्या. “माझ्या तिकडं हायेत,” म्हणायच्या.

जालन्याच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो पाहिले, वयाचं दुखणं आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. बद्रीनाथांना ते पटलं. या दुखण्यावरची दोन पुस्तकं त्यांनी समासात खुणा करत वाचली होती. पण दाराची वरची कडी लावून खुर्चीत बसलं की त्यांना वाटे, दुपारचा आपला एक डोळा लागेल, आणि तेवढ्यात ती जाईल. तिसऱ्यांदा ती सापडणार नाही. या एका विचारानं त्यांचं जेवण सुटलं होतं.

म्हणून ते खिंडापूरला निघाले. चपला देवीच्या दारात नव्हे, तिथल्या चपलांच्या संग्रहालयापाशी गेल्या होत्या, असं बायकांच्या बोलण्यात आलं होतं. चपला मिळाल्या तर कदाचित मन ठिकाणावर येईल, एवढाच हिशोब. तो त्यांना स्वतःलाही पोरकट वाटत होता, म्हणून दैवशालेशिवाय कुणाला बोलले नाहीत.

“जा काका, मी बसते काकूपाशी,” ती म्हणाली. “फोन चालू ठेवा फक्त.”

मंठा ते जालना, जालना ते भोकरदन, आणि भोकरदनहून धावड्याच्या पुढं जाणारी एक खिळखिळी एस.टी. रस्त्याच्या निम्म्या डांबरावर मका वाळत घातलेला. ड्रायव्हर उरलेल्या निम्म्यातून गाडी काढत होता. खिंडापूरच्या अलीकडच्या फाट्यावर शेजारचा म्हातारा उठला. तासभर तो बद्रीनाथांशी हरभऱ्यावर पडलेल्या अळीबद्दल बोलत होता.

“जातो,” तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

बद्रीनाथ दचकले. ‘जातो’ असं कुणी म्हणत नाही. परत न येण्याच्या वाटेला लागलेला माणूस जातो. बाकी सगळे येतात. मंठ्यात पोस्टमन पत्र टाकून निघतानाही ‘येतो’ म्हणतो.

“जा म्हणा की,” मागच्या बाकावरची बाई म्हणाली. “त्याला उतरायचंय.”

बद्रीनाथ पुटपुटले, “जा.” म्हातारा निवांतपणे उतरून गेला.

शहराच्या वेशीवर नगरपरिषदेची कमान होती. ‘खिंडापूर नगरपरिषद आपली आभारी आहे’, आणि त्याखालची ओळ चुन्यानं पुसलेली. चुन्यातून अक्षरं पुसट दिसत होती: पुन्हा या.

दुपारचे साडेबारा झाले होते. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला. गल्ल्यावर सोनूबाई म्हणून एक जाडजूड बाई होती. गिऱ्हाईक उठे, म्हणे, “जातो मावशे.” ती भजी तळता तळता म्हणे, “जा.” पुढचं उठे. “जातो.” “जा.” तिच्या आवाजात राग नव्हता, सुट्टे परत द्यावेत तसं ती ते देत होती. हॉटेलच्या पायरीवर, शेजारच्या घरापुढं, मारुतीच्या देवळापुढं, सगळीकडं चपलांची तोंडं रस्त्याकडं होती. लोक उंबऱ्यापाशी आले की पाठ फिरवायचे आणि उलटं पाऊल टाकत चपलेतून बाहेर निघायचे. म्हातारीकोतारीसुद्धा चौकटीला धरून तसंच करत होती.

“चपलांचं संग्रहालय कुठंशी आहे हो?”

सोनूबाईचा झारा क्षणभर थांबला. “सांडू अण्णाचं? कुलपाच्या म्युझियमवरून पुढं. जुना नाका हाये तो. पाव्हणे कुठले?”

“मंठ्याचा. बरंय, ये…”

“अंहं!” तिनं झारा उगारला. तेलाचे थेंब पाटावर पडले. “जातो म्हणा, बाबा.”

बद्रीनाथांना हसू आलं, पण हॉटेलातलं दुसरं कुणी हसलं नाही. तो शब्द त्यांच्या जिभेवर येईना. शेवटी ते नुसती मान हलवून उतरले. कोपऱ्यावर वळताना पाहिलं, तर ती अजून बघत होती.

कुलपांचं संग्रहालय उघडंच होतं. दारातून पाहिलं तर भिंतभर कुलपं, सगळी उघडी, आणि किल्ली एकाचीही नाही. वजनमापांचं संग्रहालय बंद होतं. त्यापुढं रस्ता संपून डोंगराची चढण लागत होती, आणि तिथं दगडी जोत्यावरची ती बैठी इमारत होती. निजामाच्या वेळचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बाहेर चिंचेखाली एक म्हातारा घोंगडीवर बसला होता. डोक्याला पटका, मांडीवर पाटी, हातात खडू.

“या,” तो म्हणाला. “आत जायला काही लागत न्हाई.”

बद्रीनाथांनी पायरीशी चपला काढल्या; आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, सरळ. सांडू अण्णानं त्या चपलांकडं पाहिलं आणि पाटीवर एक रेघ ओढली. “सवय हाये,” तो म्हणाला. “मेंढरं राखली पन्नास वर्षं. आत आलं का बाहेर गेलं, एवढं मोजायचं. तिसरं काही मोजायचं न्हाई.”

आत गारवा होता. लांबच लांब खोली, आणि दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या. फळ्यांवर चपला. वहाणा, पुणेरी जोडे, प्लास्टिकच्या सपाता, लमाणी बायकांच्या काचा लावलेल्या मोजड्या, शाळेचे काळे बूट. सगळ्यांची टोकं आत, भिंतीकडं. प्रत्येक जोडाखाली पुठ्ठ्याचं लेबल. ग्रंथपालाच्या नजरेनं बद्रीनाथांनी ते पाहिलं आणि नकळत खूश झाले: नाव, गाव, तिथी, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. येतो. येते. येतो. येतो. काही लेबलांवर खाली दुसरी तिथी होती, आणि तिच्यापुढं ‘आले’.

“हे काय?” त्यांनी मागोमाग आत आलेल्या सांडू अण्णाला विचारलं.

“ते आले.”

“मग चपला इथंच कशा?”

“आल्यावर चपलांचं काय काम?” सांडू अण्णा म्हणाला.

खोलीच्या शेवटी एक बुटकं दार होतं. त्याचा उंबरा मधोमध पावलांनी झिजून वाटीसारखा झाला होता. दारापलीकडं काहीतरी हलत होतं. दुपारच्या उन्हात मेंढरं एका झाडाच्या सावलीला दाटून उभी राहतात, आणि जागा न सोडता नुसते पाय बदलत राहतात, तसा आवाज. मेंढरं असतील, असं बद्रीनाथांनी ठरवलं. पण खुरांचा आवाज कोरडा असतो. हा मऊ होता.

प्रेमलाबाईंच्या चपला तिसऱ्या फळीवर होत्या. अंगठ्याची तपकिरी जोडी. डाव्या चपलेचा अंगठा त्यांनीच शिवला होता, पुस्तकबांधणीच्या मेणाच्या निळ्या दोऱ्यानं, दुहेरी टाका घालून. सगळ्या मराठवाड्यात तसा टाका दुसऱ्या चपलेला नसेल. लेबलवर नाव होतं, मंठा होतं, कार्तिक वद्य पंचमी होती. आणि ‘येते’.

“या माझ्या पत्नीच्या आहेत. मला न्यायच्यात.”

“त्या कधी येणार हायेत?”

“ती यायची नाही. तिला बरं नाहीये.”

“पण म्हणाल्त्या.”

“अहो, तसं सगळेच म्हणतात. निघताना म्हणायची रीत आहे ती.”

“तिकडं म्हणत आसतील,” सांडू अण्णा शांतपणे म्हणाला. “हद्द होती ही, मास्तर. पलीकडं इंग्रजाचं, अलीकडं निजामाचं. इथं उभं राहून जो जे बोलला, ते बराबर लिहून घेतलं. बोलायची रीत वेगळी न् मनात वेगळं, हे नाक्याला कळत न्हाई.”

बद्रीनाथांनी हात पुढं केला. चपला जागच्या हलल्या नाहीत. खिळा मारला असेल, म्हणून त्यांनी खाली बोटं घालून पाहिलं. खिळा नव्हता. त्यांनी जोर केला. फळी करकरली, आणि बुटक्या दारापलीकडचे पाय एकदम थांबले.

त्यांनी हात काढून घेतला.

“शब्द त्यांचा, त्यांनीच फिरवायचा,” सांडू अण्णा म्हणाला. “घरच्या माणसानं म्हणायचं, जा. मंग त्यांनी म्हणायचं, जाते. दोन्ही इथं कानावर यायला पाहिजे. बिलकुल सोपं हाये. फोन हाये ना तुमच्याकडं?”

भ्रमिष्ट म्हाताऱ्याचं मन राखायचं, चपला घ्यायच्या आणि चारची गाडी पकडायची, असं बद्रीनाथांनी मनाशी म्हटलं. त्यांनी फोन लावला आणि आवाज स्पीकरवर घेतला. दैवशालेनं उचलला, आणि काकूंच्या कानाला लावला.

“प्रेमला, मी बोलतोय. एक शब्द म्हण. जाते म्हण.”

“अगं बाई, असं अभद्र काय बोलता मास्तर? येते म्हणून आल्ते मी.”

“तेच. ते नको. जाते म्हण.”

“न्हाई बाई.”

“आधी तुम्ही,” सांडू अण्णानं खुणावलं.

बद्रीनाथांनी ते वाक्य मनात दोनदा वाचलं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी अगं-तुगंच्या वर आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं. बुटक्या दारापलीकडं पाय पुन्हा सुरू झाले होते. या खेपेला ते दाराच्या जवळ होते.

“जा!” ते ओरडले. “जा, प्रेमला! जा म्हणतो ना! जा!”

फोनवर मागं कुठंतरी दैवशालेनं “अहो काका” म्हटलेलं ऐकू आलं. मग प्रेमलाबाईंचा आवाज आला, बारीक, पण गेल्या दीड महिन्यात नव्हता इतका स्पष्ट.

“तुम्ही मला जा म्हणता?”

“हो.”

“मंग जाते.”

तिसऱ्या फळीवर काहीतरी सैल पडल्याचा आवाज झाला. सांडू अण्णानं एका बोटानं चपला उचलल्या, त्यांची तोंडं दाराकडं फिरवली आणि बद्रीनाथांच्या हातात दिल्या. त्या कोमट होत्या, आत्ताच पायातून काढल्यासारख्या.

फोन चालूच होता. “दैवशाले,” प्रेमलाबाई विचारत होत्या, “हे वरच्या कडीला दोरा कुणी बांधला गं? आणि दुधाला विरजण लावलंस का?”

बद्रीनाथांच्या डोळ्यांपुढच्या फळ्या धूसर झाल्या. नाव आलं. दूध आलं. तिसऱ्यांदा ती जाणार नव्हती. त्यांनी फोन छातीला धरला, चपला काखेत मारल्या आणि दाराकडं निघाले. उंबऱ्याशी थांबून, सोनूबाईचा झारा आठवून, त्यांनी मोठ्या कष्टानं तो शब्द उच्चारला.

“जातो.”

“जा,” सांडू अण्णा म्हणाला, आणि पाटीवरची रेघ पुसायला बोट नेलं.

बद्रीनाथांचा एक पाय बाहेर होता, एक आत.

“अहो,” फोनमधून हाक आली. कितीतरी दिवसांनी ती हाक. “कुठं हाय तुम्ही? कधी येता घरी?”

“येतो गं,” ते म्हणाले. “येतो, येतो.”

सांडू अण्णाचं बोट थांबलं.

बाहेर ऊन होतं. पायरीवर त्यांच्या चपला नव्हत्या.

मागं वळून पाहिलं तर तिसऱ्या फळीवरची मोकळी जागा मोकळी नव्हती. म्हातारा पुठ्ठ्यावर लिहीत होता.

“मी घरी म्हणालो ते! तिला म्हणालो!”

“कुणाला म्हणाला ते नाक्याला कळत न्हाई,” सांडू अण्णा मान वर न करता म्हणाला. “कुठं उभं राहून म्हणाला ते कळतं. मंठा ना? काना-मात्रा बराबर सांगा, पुढं घोटाळा नको.”

“मग मी आत्ता फिरवतो शब्द. जातो! जातो!”

“आधी घरच्यानं जा म्हणायचं. विचारा त्यांना.”

पण फोन बंद झाला होता. त्यांनी पुन्हा लावला. प्रेमलाबाईंनी कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट केला. चौथ्यांदा दैवशालेनं उचलला आणि दबल्या आवाजात म्हणाली, “काका, काकू रडून राह्यल्या. त्यांना सगळं कळतंय हो आता. तुम्ही काय बोललात त्यांना!”

घरी पोचले तेव्हा भाजीला फोडणी बसली होती. प्रेमलाबाईंनी काखेतल्या चपला घेतल्या, अनवाणी पायांकडं एकदा पाहिलं.

“पीडा गेली,” त्या म्हणाल्या, आणि ताट वाढलं.

मधल्या महिन्यांतलं त्यांना काही आठवत नव्हतं. फोन तेवढा आठवत होता. मोजकंच बोलायच्या. बद्रीनाथांनी माफी मागितली. नाक्याचं सगळं सांगितलं, पण सांगता सांगता ते त्यांचं त्यांनाच इतकं वेडगळ वाटलं की निम्म्यात थांबले. शेवटी बोलण्यावर भरवसा न उरल्यानं कागदावर लिहून दिलं: ‘मला एकदा जा म्हण. मी नाक्यावरून फोन लावीन, सांडू अण्णाला ऐकू गेलं पाहिजे.’ त्यांनी तो चष्मा लावून वाचला.

“तुम्ही मला म्हणालात तसं?”

“हो.”

“मी न्हाई म्हणणार.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तुम्ही म्हणालात. तुमच्या जिभेला चाललं. मी कुंकवाला जा म्हणू? मेले तरी म्हणायची न्हाई.”

पंधराव्या दिवशी सकाळी बद्रीनाथ आंघोळ करून, कोट घालून दारात उभे होते. आपण का उभे आहोत, ते त्यांना त्या दिवशी नीट माहीत होतं. तिसाव्या दिवशी तितकंसं नव्हतं. दैवशालेला ते ‘ताई’ म्हणू लागले. प्रेमलाबाईंना वाटलं, अबोल्यानं माणूस खचत चाललाय. त्यांचं मन पाघळलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी त्यांनी चहाची कपबशी आणून दिली. आधी कधी नव्हे ते खांद्यावर हात ठेवला. “वाचनालयात बसून या थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “पेपर वाचा. मी आता काही धरून बसले न्हाई मनात.”

बद्रीनाथांनी चहा संपवला. या बाई कोण, ते त्यांना पटकन आठवेना, पण भल्या होत्या. एका बाईनं आपल्याला एक शब्द म्हणायला हवा होता, एवढं आठवत होतं. कुठला, तेही जिभेवर होतं. ते दारापाशी थांबले आणि वाट बघत राहिले.

“येतो,” त्यांनी आठवण करून द्यावी तसं म्हटलं.

प्रेमलाबाई हसल्या. किती दिवसांनी ते हसू आलं होतं. बद्रीनाथ रस्त्यावर उतरले आणि वाचनालयाकडं न वळता, जालना रोडच्या दिशेनं चालू लागले. डांबर तळव्यांना गार लागत होतं. नव्या चपला उंबऱ्याशीच राहिल्या होत्या, टोकं घराकडं करून.

मागून, पूर्वीसारखी, दारातून हाक आली.

“या.”